पालमचा फॉर्म मी पालथा घातला

परभणीत औषधांचं होलसेल दुकान मी अडतीस वर्षं चालवलं. त्यातली पंधरा वर्षं आमच्या होलसेलवाल्यांच्या मंडळाचा सचिव होतो. आता दुकान मुलगा बघतो. मी सकाळची पूजा आटोपून येतो आणि पेपर घेऊन आतल्या खुर्चीत बसतो. येणारे-जाणारे अजून नमस्कार करतात, 'अप्पा, तुमच्या काळी धंदा सरळ होता' असं म्हणतात, आणि मी मान हलवतो. ती मान हलवणं मला अलीकडं जड जायला लागलं. आमच्या धंद्यात मी एका माणसाचं नाव घालवलं आहे. ते कसं घडलं ते नीट, क्रमानं लिहून ठेवतो.

तो माझ्याच काउंटरवरचा माणूस. मूळचा पालमचा, बी. कॉम. झालेला. माझ्याकडं चौदा वर्षं होता. मुदत संपत आलेल्या पट्ट्या तो न सांगता वेगळ्या खोक्यात काढून ठेवायचा. पालमकडच्या खेड्यांतले मेडिकलवाले एसटीनं गंगाखेडमार्गे आमच्याकडं यायचे, पिशवी भरून माल न्यायचे. त्यांचा अख्खा दिवस त्यात जायचा. कधीकधी चार पट्ट्या कमी पडल्या म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेला मी बघितलाय. माझ्या या काउंटरवाल्याला ते बघवायचं नाही.

एके दिवशी दुपारी जेवणाचा डबा मिटवता मिटवता तो म्हणाला, "अप्पा, पालमला होलसेल टाकावं म्हनतो. गाळा बघून ठिवलाय."

मला पहिल्यांदा राग आला तो त्या गाळ्याचा. मला न विचारता यानं गाळा बघितला. पण तोंडावर मी हसलो. सरकारी लायसन्ससाठी अनुभवाचं प्रमाणपत्र लागतं, ते माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं. प्रामाणिक, मेहनती, विश्वासू, असे शब्द मी स्वतः घातले. ते खरेच होते. त्याला लायसन्स मिळालं.

पण लायसन्सनं होलसेल चालत नाही, माल लागतो. माल कंपनी देते, आणि कंपनी कुणाला माल द्यायचा हे ठरवण्याआधी आमच्या मंडळाचं ना हरकत पत्र मागायची. असं पत्र कुठल्या कायद्यात नाही. आमची आम्हीच पाडलेली रीत होती ती. कुठल्या तालुक्यात किती दुकानं ते आम्ही ठरवणार, नव्या माणसानं आमच्या दाराशी येऊन पत्र मागायचं, आणि आम्हाला वाटलं तर आम्ही द्यायचं. पत्राचा शिक्का माझ्या टेबलाच्या खणात असायचा.

त्यानं रीतसर अर्ज दिला. बैठकीत तो मीच वाचून दाखवला आणि मीच म्हणालो, "पालमला गरज दिसत न्हाई." पाच जणांनी माना हलवल्या.

त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की एकाला दिलं की सोनपेठचा येईल, पाथरीचा येईल, मग मंडळ कशाला. खरं कारण ते नव्हतं. पालमकडची सगळी दुकानं माझी गिऱ्हाइकं होती आणि कुठल्या दुकानाला काय लागतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त तोंडपाठ होतं. मी त्याला भ्यालो.

तो भांडला नाही. तीनदा अर्ज दिला, तीनदा आम्ही तो परत केला. मग त्यानं काम सोडलं आणि दिल्लीच्या आयोगाकडं तक्रार केली. व्यापाऱ्यांनी संगनमत करून दुसऱ्याची वाट अडवली तर त्याची दखल घेणारा आयोग. आम्ही खूप हसलो होतो. पालमचा माणूस दिल्लीला! नांदेडच्या एका वकिलानं त्याचं काम अंगावर घेतलं. आम्हाला प्रश्नांची बाडं आली, माझ्या खणातल्या पत्रांच्या नकला मागवल्या गेल्या, आणि तीनेक वर्षांनी निकाल लागला. तो त्याच्या बाजूनं. मंडळानं ना हरकत पत्र मागणं बंद करावं आणि पत्राची गरज नाही असं सगळ्या कंपन्यांना लेखी कळवावं.

निकालाची झेरॉक्स घेऊन तो माझ्या दुकानात आला. जुन्या सवयीनं काउंटरच्या आत आला, मग लक्षात येऊन बाहेर जाऊन उभा राहिला.

"अप्पा, लागला निकाल."

"अभिनंदन. आमची काय हरकत असनार?"

"आता तरी माल मिळंल म्हनायचा."

"कंपन्यांचं कंपन्या बघतील बाबा. आमचा आता काय संबंध?"

कंपन्यांना पत्रं मीच लिहिली. रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोचपावत्या फायलीत लावल्या. एक कंपनी सोडली नाही. निकाल आम्ही असा पाळला की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

त्यानंतरच्या बैठकीत सगळे तोंडं पाडून बसले होते. आमच्यातले सगळ्यात वयस्कर, जिंतूर रोडचे एक शेठ, विडा लावत होते. ते म्हणाले, "आयोगानं काय म्हनलंय? कागद मागू नका. मग नका मागू ना. कागद बी नगं आन तोंड बी नगं."

"मग शेठजी, कळायचं कसं?"

"फॉर्म घिऊन कंपनीचा मानूस कुनाकडं येतो? सचिवाकडं. सरळ ठिवला तर सरळ. पालथा घातला तर पालथा. हाताला कुठं कोर्ट हाय?"

हसून हसून एकाच्या डोळ्यात पाणी आलं. मीही हसलो.

आणि तसंच झालं. कंपनीचा एरिया मॅनेजर नव्या दुकानदाराचा फॉर्म घेऊन यायचा. चहा मागवला जायचा. तो फॉर्म टेबलावर ठेवायचा आणि पोराबाळांची चौकशी करायचा. मी फॉर्म बघायचो. माणूस आमच्यातला असेल तर तसाच राहू द्यायचो. नसेल तर बोलता बोलता उलटा करायचो, छापील बाजू खाली. मॅनेजर चहा संपवायचा, फॉर्म बॅगेत घालायचा आणि जायचा. त्याला माहीत असायचं की जिल्ह्यातल्या बाकीच्या दुकानांनी उद्या त्याचा माल उचलणं थांबवलं तर त्याची नोकरी जाईल. शब्द एक नाही, सही नाही, शिक्का नाही. पालमचा फॉर्म माझ्या टेबलावर किती कंपन्यांकडून आला ते मला नक्की आठवत नाही. सातआठ असतील. प्रत्येक वेळी मी तो पालथा घातला.

तिकडं पालमला त्याचं दुकान उघडलं होतं. पाटी रंगवलेली, मांडण्या लावलेल्या, फ्रिज आणलेला, आणि मांडण्यांत दोन-तीन किरकोळ कंपन्यांची सर्दीची औषधं. गाव बघत होतं. निकाल याच्या बाजूनं लागला, पेपरात छोटी बातमीसुद्धा आली, तरी माल येत नाही. लोकांनी आपलं उत्तर शोधलं. परभणीला चौदा वर्षं होता, तिथं काहीतरी करून आला असणार. मोठ्या कंपन्या उगीच का तोंड फिरवतील?

हे मला कळलं ते त्याच्या मेव्हण्याकडून. मेव्हणा म्हणजे बायकोचा भाऊ, सोनपेठचा शेतकरी, अंगानं दणकट आणि बोलायला सरळ. एक दिवस तो माझ्या दुकानात आला, टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

"अप्पा, एकच इच्चारतो. आमच्या दाजीनं तुमच्याकडं काई केलं होतं का?"

दुकानात दोघं-तिघं होते. नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग माल का मिळत नाही? त्याचं उत्तर माझ्याकडं होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं. मी पट्ट्या मोजत राहिलो आणि म्हणालो, "जाऊ द्या आता. जुनं झालं ते."

तो म्हणाला, "समजलो," आणि टोपी घालून गेला.

मी त्याला हाक मारून थांबवू शकलो असतो. दुकानाच्या पायऱ्या उतरून तो पानटपरीपर्यंत जाईस्तोवर मला दिसत होता.

पुढच्या वर्षी त्याचा दाजी, पालमचा तो माणूस, स्वतः आला. या खेपेला बाहेरच्या बाकावर बसला. मी बाहेर जाऊन त्याच्याशेजारी बसलो, कारण त्याला आत घ्यायचं नव्हतं.

"अप्पा, निकाल जिंकलो, पर तो चालवनार कोन? वकील म्हनला, आयोग काय तुमच्या दुकानात येऊन माल भरनार न्हाई. निकाल मोडला जायलाय, हे तूच दाखव. पुरावा तूच आन. मग भरपाईची दरखास्त करू."

"मग आन पुरावा."

"तुमीच हाव पुरावा."

मी आत चहा सांगितला.

"एका मॅनेजरनं मला गंगाखेडच्या स्टँडवर सांगितलं. लाज वाटली त्याला. म्हनला, तुजा फॉर्म पालथा घातला म्हनून. तो लिहून द्यायला तयार न्हाई, लेकरंबाळं हायत त्याची. तुमी द्या."

"माझ्याच मंडळाच्या विरोधात मी लिहून देऊ?"

"विरोधात कशाला? जे झालं ते. मला भरपाईचं काय पडलं न्हाई, अप्पा. पर आयोगानं एकदा लिवलं ना की माल यांनी अडवला, तर गावाला कळंल. लोक मला चोर समजायलेत."

मेव्हण्याचं त्यानं काही सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मीही विचारलं नाही. "बघतो," म्हणालो.

मी दिलं ते दुसरंच प्रतिज्ञापत्र. दरखास्त झाल्यावर मंडळाच्या वकिलानं मसुदा केला. 'आदेशानंतर मंडळाने एकही ना हरकत पत्र मागितलेले नाही, दिलेले नाही अथवा नाकारलेले नाही. सर्व कंपन्यांना आदेशाप्रमाणे लेखी कळविले आहे.' मी ते दोनदा वाचलं. प्रत्येक वाक्य खरं होतं. नोटरीसमोर सही करताना मला त्याचाच आधार वाटला. लहानपणापासून मी खोटं बोलायला भितो, खोटं लिहायला त्याहून जास्त, आणि मी असं धरून चाललो होतो की जे बोललं नाही आणि लिहिलं नाही, त्याचा हिशोब वर होत नाही. दुसऱ्या दिवशी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन मी पूजेला बसलो. पूजा नेहमीसारखी झाली. ती नेहमीसारखी झाली, याचं मला आज नवल वाटतं.

पुराव्याअभावी दरखास्त फेटाळली गेली. महिन्या-दोन महिन्यांत त्यानं दुकानाची पाटी उतरवली आणि तिथल्याच एका तरुण मेडिकलवाल्याकडं काउंटरवर नोकरी धरली. तो मेडिकलवाला माझं गिऱ्हाईक. त्यामुळं दर आठवड्याला मालाची चिठ्ठी त्याच्या अक्षरात माझ्याकडं यायला लागली. तेच ठसठशीत अक्षर, औषधाचं नाव, ताकद, नग. माझ्याकडं असताना तो चिठ्ठीच्या माथ्यावर न चुकता 'शरणार्थ', हा आम्हा लिंगायतांचा नमस्कार, लिहायचा. आता माथा कोरा असायचा. आम्ही माल एसटीच्या पार्सलनं पाठवायचो. एकदा मी खोक्यावर माझ्या हातानं पत्ता लिहिला, पुढं त्याचं नाव लिहावंसं वाटलं. मग दुकानाचंच लिहिलं.

अशी दहा वर्षं गेली. त्यातली शेवटची चार-पाच सोडली तर मी सचिव होतो. आता मंडळ नावाला उरलंय. मोठमोठ्या वितरकांच्या गाड्या थेट खेड्यांपर्यंत जातात, मोबाइलवर मागणी टाकली की दुसऱ्या दिवशी माल दारात. आमच्या संमतीची कुणाला गरज नाही. जी भिंत राखायला मी त्या माणसाला गाडलं, ती पाडायलासुद्धा कुणाला जोर लावावा लागला नाही. गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. सूत्रसंचालक म्हणाला, 'अप्पांच्या काळात मंडळावर एक डाग नाही.' मी शाल घेतली आणि खाली उतरलो. घरी आल्यावर ती शाल कुठं ठेवायची ते मला सुचेना.

या उन्हाळ्यात मी कोऱ्या कागदावर सगळं लिहिलं. बैठक, फॉर्म, माझा हात, आणि माझं आधीचं प्रतिज्ञापत्र शब्दानं खरं असलं तरी फसवं होतं हे. नोटरीचा शिक्का मारून घेतला. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, कशाला आता? मुदत केव्हाच गेली." मी नांदेडच्या त्या वकिलालाही फोन करून विचारलं. तेही आता थकलेत. म्हणाले, मुदत गेलीच आहे, पण तुम्हाला पाठवायचं असेल तर पाठवा. एक प्रत दिल्लीला पाठवली आणि एक घेऊन मी एसटीत बसलो. गंगाखेडला गाडी बदलली. कितीतरी वर्षं दर आठवड्याला या रस्त्यानं माझा माल गेला होता, मी स्वतः मात्र पालमला आलो नव्हतो.

तो काउंटरवर होता. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. मला बघून त्यानं हातातली पट्टी आधी गिऱ्हाइकाला दिली, दोन येळेस जेवणानंतर, असं सांगितलं, आणि मग म्हणाला, "अप्पा, बसा."

मी कागद दिला. त्यानं तो उभ्यानं वाचला. मधे एक बाई नातवाला घेऊन आली, तिला औषध दिलं, पुन्हा वाचायला लागला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर घडी घातली.

"हे तवा पायजे होतं."

"हो."

"आता म्या दरखास्त करावी म्हनता?"

"मी पाठवलंय दिल्लीला. काय होईल ते होईल."

"काई व्हनार न्हाई." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "घरी चला. हिला वाचून दाखवा. माझं ऐकून तिचे कान किटलेत. तुमच्या तोंडानं ऐकू द्या."

मालकाला सांगून तो माझ्याबरोबर निघाला. घर जवळच होतं. त्याची बायको दारात तूर निवडत बसली होती. मी कोण ते त्यानं सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण उठली नाही. मी कागद वाचला. वाचताना दोनदा अडखळलो. तिचा हात सुपात चालूच होता.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "एवढंच लिवायला बारा वर्सं लागली व्हय, अप्पा?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"थांबा." ती आत जाऊन मोबाइल घेऊन आली आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "भावाला लावते. त्याला सांगा."

"अगं, जाऊ दे," तो म्हणाला.

"का जाऊ दे? मी काय चोराची बायको हाय?"

तिनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला. सोनपेठहून आवाज आला. तो आवाज मी ओळखला. मी कोण ते सांगितलं.

"तुम्ही माझ्या दुकानात आला होता," मी म्हणालो. "तुम्ही विचारलं होतं आणि मी जुनं झालं म्हणालो होतो. ते मी चुकीचं बोललो. तुमच्या दाजींनी माझ्याकडची एक गोळी कधी इकडची तिकडं केली नाही. माल मी अडवला. हातानं अडवला. तसं लिहून, शिक्का मारून आणलंय."

तो म्हणाला, "शिक्का कशाला मारला? कोर्टाला द्यायला?"

"हो."

"त्या कागदात माझं लिवलंय का? म्या तुमच्या दुकानात आलो, टोपी काढून इच्चारलं, आन तुमी पट्ट्या मोजत बसलाव ते?"

मी कागदावर नजर फिरवली. बैठक होती, शेठजींचं बोलणं होतं, किती कंपन्या ते होतं. ते नव्हतं.

"नाही लिहिलं."

"माझी बहीन बारा वर्सं माझ्या दारात आली न्हाई. म्याच म्हनलं होतं, दाजीला घिऊन यायचं न्हाई. आन ती एकली येईना. माय गेली तवा सुदिक ही दुपारी आली आन माती होताच वाटेनं लागली. ते लिवलंय का?"

"नाही."

"मग लिवा."

मी पेन काढला. तिनं सूप बाजूला सरकवलं. ओट्यावर कागद ठेवून, शिक्क्याच्या खाली, मी ते लिहिलं. मेव्हणा कधी आला, त्यानं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, आणि एक बहीण बारा वर्षं माहेराला गेली नाही. शिक्क्याखाली लिहिलेलं कायद्याला चालत नाही, हे मला ठाऊक आहे. दिल्लीला गेलेल्या प्रतीत ते नाही. ओळी खाली घसरल्या.

तिनं कागद उचलून डोळ्यांजवळ धरला आणि फोनकडं तोंड करून वाचायला लागली, सावकाश, एकेक शब्द लावत. नवरा दारात पाठमोरा उभा होता. वाचून झालं तरी सोनपेठहून काही आवाज आला नाही. फोन चालूच होता. तिकडं कुठंतरी ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं, आणि आम्ही तिघं ते ऐकत बसलो.